कारंटीनच्या माळावर

मॅट्रिकला बसायच्या वर्षी, ऐन पौषात, मी बोर्डिंगच्या लाकडांच्या खोलीत एक मेलेला उंदीर पाहिला आणि कुणाला सांगितलं नाही. त्या हिवाळ्याची हकिगत मी आजवर अनेकांना सांगितली, पण दर वेळी प्लेगपासून सुरुवात केली. तसं केलं की सगळा दोष प्लेगवर जातो आणि ऐकणारा हळहळतो. खरी सुरुवात उंदराची आहे.

भोरला तेव्हा संस्थानी अंमल होता. माझं घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या सात-आठ घरांच्या वाडीत. आमच्याकडं मेंढरं, शेरडं आणि थोडी गुरं. त्या वाडीतून इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिलाच. भोरात एका वयस्कर वकिलांनी बाहेरगावच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं होतं, तिथं आम्ही आठ जण राहत होतो. सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला लाकडं आणायची पाळी ठरलेली असे. त्या दिवशी ती माझी होती. मी एक ओंडका उचलला, तर मागं उंदीर, पाय ताणून पडलेला. गावात दवंडी पिटून झाली होती की उंदीर पडलेला दिसला तर हात न लावता चावडीवर कळवायचं. मी तो एका ढलपीवर घेतला, मागच्या ओढ्यात टाकला आणि वरून माती लोटली. मनाशी म्हटलं, मांजरानं मारला असेल. मांजरानं मारलेल्या उंदरावर दाताची खूण असते. ती मी बघितलीच नाही.

कळवलं असतं तर बोर्डिंग बंद झालं असतं, शाळा बंद झाली असती, ज्यानं त्यानं आपापल्या गावी जायचं. परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. एकदा वाडीवर गेलो की मेंढरांमागून पुन्हा भोरला येणं व्हायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलाला ताप भरला. तो कापूरहोळच्या वाटेवरच्या एका गावचा, इंग्रजी तिसरीतला. आम्हा मोठ्यांच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायची त्याला फार हौस. पहिल्या रात्री त्याच्या उशाशी सारोळ्याचा मुलगा बसला होता. हा माझ्याच वर्गातला, माझ्या शेजारच्या वळकटीचा, गणितात शाळेत पहिला. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या जांघेत गाठ दिसली. गाडीत घालून त्याला गावाबाहेरच्या दवाखान्याच्या छपरात नेलं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी आम्हाला अंगणात बोलावलं आणि तो गेल्याचं सांगितलं. सांगताना त्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात धरली होती. तिच्याकडंच मी बघत राहिलो.

गाव दोन दिवसांत रिकामं झालं. लोक आपापल्या शेतात झोपड्या घालून राहिले. आम्ही सात जण मात्र त्या मुलाबरोबर जेवलो-झोपलो होतो, म्हणून आम्हाला कुठंच जाता येईना. उत्रोलीच्या बाजूच्या एका मुरमाड माळावर कुडाच्या तीन झोपड्या उभारल्या होत्या, त्यांत आमची रवानगी झाली. झोपड्यांभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली होती. बाभळीखाली एक शिपाई बसे. रेघेवरच्या सपाट दगडावर आचारी दोन वेळचं जेवण ठेवून मागं सरे, मग आम्ही जाऊन ते उचलायचं. याला सगळे कारंटीन म्हणत. डॉक्टरांनी सगळ्यांना टोचलं आणि सांगितलं, दहा दिवस. कुणाला ताप आला नाही तर सुटाल.

पहिले तीन दिवस सहलीसारखे गेले. सकाळी धुकं उतरे, समोर रोहिड्याचा डोंगर दिसे, आम्ही ओळीनं सूर्यनमस्कार घालत असू. गणिताचे सर एक दिवसाआड येत. रेघेपलीकडं फळा बाभळीला टेकवून ते मोठ्या आवाजात उदाहरणं सोडवून दाखवत. त्यांनी आम्हाला वेळापत्रकही आखून दिलं होतं. चौथ्या दिवसापासून ते कुणी पाळेना. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, पण ओळ पुढं सरकत नसे. मधेच शर्ट नीट केल्यासारखं करून प्रत्येक जण आपली काख चाचपून बघे. मी दिवसातून वीसदा बघत होतो. दुसऱ्याला बघताना पाहिलं की आम्ही मान फिरवायचो.

मला एका जागी बसवेना. मी रेघेच्या आतून कडेकडेनं चालायला लागलो. एका फेरीची पावलं चारशे बारा भरत. चारशे दहा भरली तर चुकलं असं वाटून पुन्हा फेरी घ्यायची. शिपाई पहिल्यांदा हसायचा, मग त्याला माझी भीती वाटायला लागली असावी, कारण मी जवळ आलो की तो दुसरीकडं बघे. चालताना डोक्यात एकच हिशेब चाले. उंदीर कुठल्या दिवशी पाहिला, धाकट्याची लाकडांची पाळी कुठल्या दिवशी होती. माझ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याचीच होती. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी दर फेरीला ते नव्यानं कळल्यासारखं व्हायचं.

सारोळ्याचा मित्र माझ्या अगदी उलट. त्यानं हालचालच सोडली. पहिल्यांदा तो उशिरा उठायला लागला. मग आंघोळ सोडली. मग कुडाच्या भिंतीकडं तोंड करून दिवसभर पडून राहायला लागला. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवे. भूमितीचं पुस्तक उशाशी उघडं असे, पण पान तेच. बोललं तर तो उत्तर देई, पण खूप उशिरानं, आणि तेही "हं" एवढंच. मुलांनी आधी त्याची थट्टा केली. मग थट्टा करायचीही कुणाला इच्छा राहिली नाही.

नवव्या दिवशी एका मुलाला हुडहुडी भरून ताप आला. तो हिवताप निघाला, चौथ्या दिवशी उतरलाही, पण डॉक्टरांनी दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले. त्या संध्याकाळी कुणीच जेवलं नाही. एका मुलानं आपली कंपासपेटी रेघेबाहेर भिरकावून दिली आणि मग ती परत आणून द्या म्हणून शिपायाची विनवणी करत बसला. पुढच्या खेपेला सातव्या दिवशी आणखी एकाचं अंग कोमट लागलं आणि मोजणी परत एकपासून सुरू झाली. त्यानंतर आम्ही दिवस मोजणं सोडलं. परीक्षेला पुण्याला जायचं तर डॉक्टरांचा दाखला लागणार होता. तो मिळेल की नाही हे सरांनाही सांगता येईना.

याच सुमारास सारोळ्यालाही उंदीर पडल्याची आणि गाव उठल्याची बातमी आली. मित्राची आई आणि धाकटा भाऊ तिथं होते. टपालवाला रेघेपाशी उभा राहून पत्रं वाचून दाखवी. मित्राच्या नावाचं पत्र तीन आठवडे आलं नाही. तो विचारायलाही उठत नव्हता. मीच विचारून यायचो आणि त्याला सांगायचो की आज नाही. तो म्हणायचा, "हं."

डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले, ताप पाहिला. दुखणं काहीच नाही, अंगात आळस भरलाय, पहाटे उठवत जा, असं ते म्हणाले. त्या दुखण्याला आज नाव आहे, औषध आहे. आमच्याकडं तेव्हा नावही नव्हतं. नाव नसलेल्या दुखण्याला माणसं आळस म्हणतात किंवा नाटक म्हणतात, आणि मीही मनातून थोडं तसंच म्हणत होतो. त्याला परीक्षेची भीती वाटायचं कारण नाही, घाबरायचं ते मी, असं मला वाटे. त्याचा रागही येई.

मग एक दिवस आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. वेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं की भोरातल्या बोर्डिंगची पोरं गेली. किती ते सांगितलं नव्हतं. ते घोंगडी खांद्यावर टाकून निघाले, दीड दिवस चालले, ओस गावात शाळेपाशी कुणी भेटेना म्हणून नदीपर्यंत गेले आणि तिथं एका धोब्याकडून माळाचा पत्ता मिळवून दुपारी रेघेपाशी येऊन उभे राहिले. मी फेरी घालत होतो. त्यांनी मला बघितलं आणि खालीच बसले.

"हायेस न्हवं?" ते म्हणाले.

"व्हय आबा. हाय."

"लई वाळलास."

मी पुढं झालो तसा शिपाई ओरडला. आम्ही रेघेच्या दोन बाजूंना पाच-सहा हातांवर बसलो. आबांनी घरच्या मेंढरांचं सांगितलं, आईचं सांगितलं, बातमी कळल्यावर तिनं चूलच पेटवली नाही म्हणाले. परत कधी जाणार विचारलं तर म्हणाले, "जाईन की. म्या हितंच हाय चार दीस." जवळच्या शेतातल्या एका झोपडीत त्यांनी आसरा मिळवला होता. त्या शेतकऱ्याची बैलं ते चारायला नेत आणि तेवढ्यावर त्यांचं जेवण निघे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झोपडीच्या दारातून आत पडलेला माझा मित्र बघितला. तो कोण, असा का पडलाय, विचारलं. मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं.

"त्यानं अंग टाकलंय," आबा म्हणाले. "मेंढरू असं करतंय कधी कधी. आजार न्हाई, जखम न्हाई, पर उठत न्हाई. त्याला एकलं सोडू नये. जवळ बसून ऱ्हायाचं."

"आन काय बोलायचं?"

"बोलायचं कशाला? बसायचं."

मला बसवत नाही, हे मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण बोलताना मी उभाच होतो आणि आबांची नजर माझ्या पायांकडं होती. संध्याकाळी त्यांनी आपल्या बटव्यातली लोकर कातायची चाती आणि लोकरीचा एक पेळू रेघेवरून माझ्याकडं टाकला. आमच्याकडं मेंढरांमागं चालताना बाप्ये सूत कातत जातात. लहानपणी मलाही येत होतं. इंग्रजी शाळेत गेल्यावर ते मी मुद्दाम विसरलो होतो. हातात काम असलं की बसवेल, एवढंच आबा म्हणाले.

म्हणून मी मित्राच्या शेजारी बसून लोकर कातायला लागलो. पहिल्या दिवशी सूत दर वितीला तुटत होतं. मुलं हसली. मला लाज वाटली, आणि आबा बाहेरून बघत होते म्हणून उठताही येईना. पायांत मुंग्या येत, चारशे बारा पावलं पायांना ओढत. पण चाती एकदा फिरायला लागली की नजर तिच्यावर ठेवावीच लागते. मित्र भिंतीकडं तोंड करून पडलेला. दुसऱ्या दिवशी तो कुशीवर वळला आणि चातीकडं बघत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीची मुलं शिपायाच्या देखरेखीखाली नाल्यावर कपडे धुवायला गेली होती, तेव्हा तो आपण होऊन बोलला. आवाज इतका बारीक होता की मला चाती थांबवावी लागली.

"उंदीर मी पाहिला होता," तो म्हणाला. "धान्याच्या कोठीमागं. मी कागदात गुंडाळून फेकून दिला. धाकटा मेला तो माझ्यामुळं."

आज वाटतं, त्याच क्षणी मी आपलं सांगायला हवं होतं. पण पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर सुटका. म्हणजे माझ्यामुळं नाही, याच्यामुळं. तो विचार किती वेळ टिकला कोण जाणे, चातीवरचं सूत उलगडून खाली येईपर्यंत असेल. मग मी त्याच्याकडं बघितलं. दाढीची लव वाढलेली, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. महिनाभर हा मुलगा ते एकटा घेऊन पडला होता.

"मीही पाहिला," मी म्हणालो. "लाकडांच्या खोलीत."

तो उठून बसला. मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. त्याला राग आला. कधी पाहिला, कुठल्या दिवशी, हात लावलास का, सगळं त्यानं एका दमात विचारलं. मग म्हणाला, "आणि तू इतके दिवस बाहेर फेऱ्या घालत होतास? मला बघत होतास?" माझ्या हातातली चाती त्यानं हिसकावून घेतली आणि कुडावर आपटली. तिची दांडी मोडली. नंतर तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तशी हिंमत नव्हती. नुसता बसून राहिलो. मुलं धुणं घेऊन परत आली तेव्हा तो दारात बसून सकाळची भाकरी खात होता, कोरडीच.

आबांना मी दांडी मोडल्याचं सांगितलं. त्यांनी कशी मोडली ते विचारलं नाही. मित्र दारात बसलेला त्यांना दिसत होता. दुसऱ्या सकाळी ते वाडीला निघाले. मेंढरं आईच्या गळ्यात फार दिवस टाकता येणार नाहीत, म्हणाले.

सरांना सांगायचं हा हट्ट मित्राचा. मला ते नको होतं. माझ्या मनात अजून परीक्षाच होती. पण तो म्हणाला, तू नाही आलास तर मी माझ्यापुरतं सांगेन, आणि मग मला गप्प राहता येईना. फळा टेकवून सर वळले तेव्हा आम्ही दोघं रेघेपाशी उभे होतो. मित्र आधी बोलला, मग मी. सरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी खिशात घातला, पुन्हा काढला.

"हे मला आत्ता ऐकायचं नव्हतं," ते म्हणाले, आणि फळा तिथंच ठेवून निघून गेले.

ते तीन दिवस आले नाहीत. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. मी पुन्हा फेऱ्या घालायला लागलो. मित्र मात्र, नवल म्हणजे, स्वतः उठून आंघोळ करत होता. चौथ्या दिवशी सर आले, फळा पुसला आणि वर्गसमीकरणाचं एक उदाहरण लिहिलं. जाताना आम्हा दोघांना बाजूला बोलावून म्हणाले की शिक्षा देणारा मी कोण, दवंडी सगळ्या गावानं ऐकली होती आणि किती घरांनी कळवलं ते मला ठाऊक आहे. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या आईवडिलांकडं जाणार आहात का?" आम्ही हो म्हणालो. ते म्हणाले, "मग तिथं काय बोलायचं त्याचा विचार करा. माझ्याशी बोलून तुमचं काम संपत नाही."

आम्ही सुटलो तेव्हा माघ संपत आला होता. मित्राला सारोळ्याला जायचं होतं. त्याची आई आणि भाऊ नीरेच्या काठच्या मळ्यात झोपडी घालून धडधाकट असल्याचं पत्र अखेर आलं होतं. घरात लिहिता येणारा मित्र एकटाच, म्हणून ते यायला इतका उशीर झाला होता. मी त्याच्याबरोबर निघालो. कापूरहोळच्या वाटेवर धाकट्याचं गाव लागतं. त्याचे वडील खळ्यावर हरभरा झोडपत होते. आम्ही बोर्डिंगचे, एवढं सांगितल्यावर त्यांनी काठी खाली ठेवली आणि आम्हाला सावलीत बसवलं. त्याची आई आली, गूळपाणी दिलं. त्यानंतर सांगणं फार अवघड गेलं. मित्राला शब्द फुटेना, म्हणून या वेळी आधी मी बोललो. वडील ऐकत राहिले. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. ते उठले, खळ्याच्या पलीकडं जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि आम्ही तिथून निघेपर्यंत परत आले नाहीत.

आई तिथंच बसून होती. उंदराबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, "ताप चढला तवा त्याच्यापाशी कोन हुतं?"

"मी होतो," मित्र म्हणाला.

"पानी मागितलं का त्यानं?"

"मागितलं. मी देत होतो. घोट घोट घेत होता."

"आनि काय बोलला?"

मित्र तिला सांगत राहिला. पहाटेपर्यंत तो काय काय बोलला, कुणाच्या वहीला कव्हर घालायचं राहिलं म्हणाला, घरच्या वासराचं विचारत होता, सगळं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या रात्री मी पलीकडच्या खोलीत अंगावर पांघरूण ओढून पडलो होतो. ती मधेमधे मान हलवत होती. निघताना तिनं आमच्या दोघांच्या हातांत हरभऱ्याचे डहाळे दिले. तिनं माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. विचारण्यासारखं ते नव्हतंच.

त्या वर्षी मित्र परीक्षेला बसला नाही. सारोळ्याला पोचल्यावर तो पुन्हा पडून राहायला लागला, पहिल्याइतका नाही, पण आठवड्यातले तीन-चार दिवस. मी दाखला मिळवून पुण्याला गेलो आणि गणितात नापास झालो. वाडीवर परतलो तेव्हा आता हा मेंढरांमागं जाणार असं सगळ्यांना वाटलं, मलाही. आबा म्हणाले, अजून एक डाव बसून बघ. पुढच्या पावसाळ्यानंतर मी सारोळ्याला गेलो, मित्राच्या घरी राहिलो आणि त्याच्याकडून गणित शिकलो. ज्या दिवशी तो उठायचा नाही, त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसून माझी उदाहरणं सोडवत असे. चुकलं की तो पडल्या पडल्या सांगायचा.

मार्चमध्ये परीक्षेला जायला आम्ही दोघं कापूरहोळच्या फाट्यावर पुण्याच्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत उभे होतो. मोटार उशिरा आली. मी येरझाऱ्या घालत होतो, तो ट्रंकेवर बसून शेंगा सोलत होता. आम्ही चढलो, पण मोटारीत जागा एकच होती. ड्रायव्हर म्हणाला, एकानं दुसऱ्या मोटारीनं या. आम्ही दोघंही उतरलो आणि पुढच्या मोटारीपर्यंत आणखी दोन तास थांबलो.